क्रमांक सतराची गुप्तता

१ जानेवारी १९७३, सोमवार. पहाटे ५.१०
या वर्षी प्रबंध संपवायचाच. जूनअखेर. विषय: ग्रामीण सत्ता आणि चिकित्सेचे कार्य, एका गावाचा अभ्यास. पुण्याला गेले होते तेव्हा मार्गदर्शक सर म्हणाले, आपल्याकडे राजकीय समाजशास्त्राच्या नावाखाली लोक नुसती डोकी मोजतात, थिअरी कुणाकडेच नाही. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडे आहे.
संकल्प. रोज पहाटे पाचला उठायचं. गावात कुणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही, म्हणजे तटस्थता राहते. गावाचं नाव कुठेही लिहायचं नाही, या वहीतसुद्धा. यापुढे ‘ग्राम क’. आणि ऊठसूट रडायचं नाही. वय बेचाळीस.

२ जानेवारी. सकाळी ७.४०
यांची रात्रपाळी होती (हे दौंड स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर). झोपमोड होऊ नये म्हणून गजर लावला नाही. हे घरी नव्हते, पण सवय.

१३ जानेवारी, शनिवार. ग्राम क
कॉलेजातले तास घेऊन एस.टी.नं मांडवगण फराट्यापर्यंत, पुढे पायी. शिरूर तालुक्याचा हा कोपरा दुष्काळाने पार करपलाय. मुक्काम सरपंच सर्जेरावांच्या माडीवर. तटस्थतेच्या दृष्टीने हेच योग्य, कारण त्यांचं घर गावाच्या बरोबर मध्यावर आहे.
चहा घेतला. त्यांच्या पत्नी तुळजाबाई इतक्या आग्रहाने घेऊन आल्या की नाही म्हणणं हाच हस्तक्षेप ठरला असता. निव्वळ दुधाचा होता.
सर्जेरावांनी विचारलं, बाई, तुमी नेमका कशाचा अभ्यास करता? म्हटलं, सत्तेचा. ते म्हणाले, लई चांगलं, आमी काय शिकल्यालो न्हाई, पर हितं सत्ता म्हंजी काय, चार लोकांचं ऐकून घ्यायचं, येवढंच. नम्रता टिपून ठेवली.

२७ जानेवारी, शनिवार. ग्राम क
आज गावच्या विहिरीवर निरीक्षण. पाणी तळाला गेलंय. बौद्धवस्तीतल्या बायका काठापासून दहा पावलं लांब कळश्या घेऊन बसतात. वरच्या आळीतली कुणी आली, आणि तिच्या मनात आलं, तर ती पोहऱ्याने काढून त्यांच्या कळशीत वरून ओतते. मी घड्याळ घेऊन लिंबाखाली उभी राहिले. थांबण्याचा काळ सरासरी ४७ मिनिटं. सर्वांत जास्त दोन तास दहा मिनिटं, आक्काबाई नावाच्या म्हातारीचा. असा डेटा पुण्यात बसून मिळत नाही.
अकराच्या सुमारास काठावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आक्काबाई म्हणाली, बाई, तुमी रिकाम्याच हाय, तेवढा पोहरा टाका की आत, तुमाला चालतंय. तिला प्रेमाने समजावलं की मी पाणी ओतलं तर थांबण्याचा काळ कमी भरेल आणि वस्तुस्थिती चुकीची नोंदली जाईल. ती म्हणाली, व्हय, मग ऱ्हाऊ द्या, चुकायला नगं.
नीट सांगितलं की साध्या माणसांनाही शास्त्र पटतं.
सावली सरकल्यामुळे मला उन्हाचा त्रास झाला. त्या निदान बसून होत्या.

१० फेब्रुवारी, शनिवार. ग्राम क
महत्त्वाचा दिवस. सरकारी दुष्काळी कामावर गेले होते. एक विहीर खोदतात, बाजूला खडी फोडतात. सर्जेरावांचे धाकटे भाऊ हौसराव तिथे मुकादम, हजेरीपट त्यांच्याकडे. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगामागे एका बाईने आपणहून मुलाखत दिली. नाव लिहीत नाही. उत्तरदाती क्र. १७.
तिचं सांगणं असं. हौसरावांचा चष्मा फुटला होता. वस्तीत तीच एक वाचणारी, म्हणून त्यांनी विहिरीच्या मंजुरीचा कागद तिला वाचायला दिला. कागदावर विहीर ‘बौद्धवस्तीलगत’ अशी आहे आणि खोदाई चाललीय सर्जेरावांच्या मळ्यात. ती म्हणाली, आमीच खांदतोय, आन् पाणी लागलं की आमालाच तिथं फिरकू देनार न्हाईत.
मग म्हणाली, बाई, माझं नाव कुटं यायला नगं. हजेरीपटावरनं काढलं तर दोन पोरींच्या तोंडात काय घालू.
मी तिचा हात हातात घेतला. सांगितलं की आमच्या शास्त्रात गुप्तता हे व्रत असतं. तुझं नाव आजपासून सतरा. तिने विचारलं, मग सतरा नंबरचं ऐकून कोन काय करंल? मी म्हटलं, त्यातून थिअरी होईल. ती म्हणाली, ती काय करती? मी बराच विचार करून म्हटलं, ती दाखवून देते. ती म्हणाली, दिसतंय की समद्यांना.
अमूर्त विचार तिला जमत नाही. अपेक्षितच आहे.

११ फेब्रुवारी, रविवार. दौंड
तक्ता केला. क्र. १७: स्त्री, बौद्ध, विधवा, वय २९, सातवी पास, दोन मुली, दुष्काळी कामावर मजूर. नाव नाही. आता कुणी कितीही डोकं फोडलं तरी पत्ता लागणार नाही.
यांनी जेवताना तक्ता पाहिला. विचारलं, त्या गावात सातवी पास विधवा किती आहेत? म्हटलं, एकच. म्हणून तर ती मौल्यवान आहे.
यांनी तक्ता बाजूला सारला आणि खाली मान घालून जेवले. भाजी आवडली असावी.

४ मार्च, रविवार. सकाळी ९
थिअरी सुचली. अंघोळ करताना.
सत्ता मुळात दुष्ट नसते. तिची चिकित्सा आजवर कुणी तिच्यासमोर बसून, शांतपणे, मायेने वाचून दाखवलेली नसते. तशी दाखवली की सत्ता अंतर्मुख होते. नाव: अंतर्मुखतेचा सिद्धांत. म्हणजे चिकित्सेचं कार्य पाडणं नव्हे, आरसा धरणं.
सरांनी दिलेल्या चारशे पानी इंग्रजी पुस्तकात नेमकं उलटं म्हटलंय असं वाटतं. पण मी प्रस्तावनाच वाचली आहे, दोनदा, आणि लेखक पाश्चात्त्य आहे. त्याच्याकडे सर्जेरावांसारखी माणसं नसणार.
मी स्वतःवरूनही सांगू शकते. मी बदलले ती स्वतःकडे पाहूनच. पूर्वी मी फार रडत असे.

१६ मार्च
सरांना सिद्धांत कळवला होता. त्यांचं पोस्टकार्ड आलं. दोनच शब्द: विचार करा. त्यांनी इतक्या मोकळेपणाने कधीच उत्तेजन दिलं नव्हतं. जपून ठेवलं.

१४ एप्रिल, शनिवार. ग्राम क. रात्री ९
आज प्रकरण तिसरं वाचून दाखवलं. सर्जेरावांची ओसरी, संध्याकाळी सहा. हजर: सर्जेराव, हौसराव, सोसायटीचे दोघे, दाराआड तुळजाबाई. वस्तीला निरोप धाडला होता, कुणीही आलं नाही. उलट त्या बाजूने लेझीम आणि ढोलाचा एवढा आवाज की दोन परिच्छेद पुन्हा वाचावे लागले. तुळजाबाई म्हणाल्या, त्यांच्या बाबासाहेबांची जयंती हाय आज. तीन महिने येतेय, मला कुणी आधी सांगितलं नाही. समूह किती बंदिस्त असतात. तळटीप द्यावी.
सर्जेराव डोळे मिटून ऐकत होते. अंतर्मुखता डोळ्यांदेखत घडत होती. विहिरीचा आणि मंजुरीच्या कागदाचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, ह्या सतरा नंबरच्या बाई सातवी झाल्याल्या हायेत म्हंता? मी म्हटलं, आबा, मी गुप्ततेने बांधलेली आहे, तक्त्यात आहे तेवढंच सांगू शकते. ते म्हणाले, न्हाई न्हाई, नाव नगंच. मग हौसरावांकडे वळून म्हणाले, तुजा चष्मा कवा फुटला व्हता रं? हौसराव म्हणाले, पौषात.
इतकी अवघड चर्चा चाललेली असताना एका भावाला दुसऱ्याच्या चष्म्याची आठवण होते. ग्रामीण नात्यांतली ही ऊब आपण शहरी लोक गमावून बसलोय.
शेवटी सर्जेरावांनी प्रकरणाची प्रत मागून घेतली. कार्बन कॉपी दिली. सत्ता शांतपणे ऐकून घेईल हा निष्कर्ष मी त्यात आधीच लिहून ठेवला होता, एक शब्दही बदलावा लागला नाही. कोणत्या सत्ताधाऱ्याने आपली चिकित्सा स्वतःहून मागितली असेल? सिद्धांत जवळजवळ सिद्ध झाला आहे.

२१ एप्रिल, शनिवार. ग्राम क
क्र. १७ कामावर दिसली नाही. तुळजाबाई म्हणाल्या, अंजनाचं नाव काढलं भाऊजींनी. (अंजना म्हणजे क्र. १७. नाव लिहिलं गेलं. खोडावं, पण वही घाण दिसेल. राहू दे.)
हौसरावांना कारण विचारलं. ते म्हणाले, बाई, तिचं ध्यान न्हाई कामात. वाचनाची लई आवड.
तक्त्यात नोंद: गळती, १.
सिद्धांताला बाधा नाही. अंतर्मुख होण्याआधी सत्ता थोडी अस्वस्थ होते, असा एक टप्पा मधे घातला.

२९ एप्रिल, रविवार. दौंड. दुपारी
क्र. १७ घरी आली. धाकटी मुलगी बरोबर. पहाटे निघून चालत आल्या. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.
तिने तालुक्याला देण्यासाठी स्वतः अर्ज लिहून आणला होता. अक्षर चांगलं आहे. विहीर कुठे मंजूर, कुठे खोदली, कामावरून का काढलं. म्हणाली, खाली दोन वळी तुमी लिवा, की इहीर तुमी डोळ्यांनी बघितली. तुमच्या सहीला लोक मान देत्यात. काम परत मिळालं तर आमी जगू, न्हाईतर गाव सोडावं लागंल.
तिला पाटावर बसवून शांतपणे सांगितलं. निरीक्षक साक्षीदार होऊ शकत नाही. मी सही केली तर चाळीसही मुलाखती संशयास्पद ठरतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिथं ओसरीवर तुमी माझं समदं वाचून दावलं. मग हितं लिवायला काय झालं?
मी म्हटलं, ती चिकित्सा होती आणि ही तक्रार आहे. चिकित्सा व्यवस्थेची असते, तक्रार माणसाची. हा फरक वीस मिनिटं समजावला. मी वर्गातसुद्धा इतकं स्वच्छ बोलले नव्हते. ती म्हणाली, बाई, माझं नाव येवस्थेनं न्हाई काढलं, हौसरावनं काढलं.
मुलीला चिवडा दिला. दोघींना चहा दिला. जाताना क्र. १७ ने दोन्ही कप मोरीत नेऊन विसळले आणि पालथे घातले. मी सांगितलं नव्हतं. स्वच्छतेची उपजत आवड.
त्या गेल्यावर पंधरा मिनिटं रडले. इतकं हळवं मन असून इतकं तटस्थ राहायचं. हे कुणालाच कळणार नाही.

१७ मे, गुरुवार. ग्राम क
सुट्टी म्हणून चार दिवस माडीवर राहायला आले, तर आज अचानक चौकशी. क्र. १७ ने अर्ज एकटीच्याच सहीने दिला होता. तालुक्याहून साहेब आले. ओसरीवर खुर्ची. वस्तीतली सात-आठ माणसं अंगणाच्या कडेला उन्हात उभी, क्र. १७ सगळ्यांत पुढे. मला साहेबांशेजारी बसवलं.
साहेबांनी गावात तंटा आहे का विचारलं. मी म्हटलं, मी तटस्थ आहे. तेवढ्यात सर्जेरावांनी आतून माझं प्रकरण आणलं. म्हणाले, आमी कशाला सांगायचं, बाईंनी चार म्हैनं ऱ्हाऊन लिवलंय, हेच बघा. साहेबांनी पान ६१ वाचलं, मोठ्याने. ‘सत्तेने आपली चिकित्सा शांतपणे ऐकून घेतली, हे या गावातील सलोख्याचे लक्षण होय.’ आणि ते वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला संदर्भ.
क्र. १७ म्हणाली, सायेब, आदीची दोन पानं वाचा, त्यात इहिरीचं हाय. साहेबांनी वाचलं. म्हणाले, यात सांगणाऱ्याचं नाव कुठे आहे? नुसता नंबर आहे. नंबरची जबानी धरता येत नाही. ती म्हणाली, ती सतरा नंबर म्हंजी मीच.
साहेबांनी मला विचारलं, ही बाई म्हणते ते खरं आहे का?
सगळे माझ्याकडे पाहत होते. क्र. १७ सुद्धा. व्रत म्हणजे काय, हे अशाच क्षणी कळतं. मी म्हटलं, उत्तरदात्यांची ओळख मी कुणालाही सांगू शकत नाही.
ती म्हणाली, बाई, मीच सांगतीया की. आता कशाचं लपवायचं? मी मान हलवली नाही. सोपं नव्हतं.
साहेबांनी लिहिलं: अर्जदार आपले म्हणणे शाबीत करू शकली नाही, अर्ज निकाली. हौसराव नवा चष्मा पुसत होते. अंगण रिकामं झालं. आक्काबाई माझ्याजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, बाई, चुकलं न्हाई ना काई? मी म्हटलं, नाही.
तिने आस्थेने विचारलं याचं बरं वाटलं.
जेवायला पुरणपोळी होती. सण नव्हता.

३ जून, रविवार. दौंड
सरांचं पत्र. प्रकरण तिसरं वाचलं. म्हणतात, चिकित्सा ऐकवल्यावर गावात फरक काय पडला, हे कुठेच नाही. सिद्धांत तुमच्या वाक्यात दिसतो, लोकांच्या आयुष्यात दिसत नाही. सर्व उत्तरदात्यांच्या पुन्हा मुलाखती घ्या, नाहीतर विषय बदला.
थोडा वेळ दार लावून बसले. मग नवा फॉर्म तयार केला. चौदा प्रश्न. मुख्य प्रश्न बारावा: चिकित्सेमुळे आपल्या जीवनात काही फरक पडला काय? होय / नाही.

८ जून, शुक्रवार. ग्राम क
तीन दिवसांत एकोणचाळीस फॉर्म भरले. बाराव्याला सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. तुळजाबाई म्हणाल्या, कशामुळं? सर्जेराव म्हणाले, बाई, आमचं पयल्यापासनं हाय तसंच हाय, आन् तसंच ऱ्हानार. वस्तीत पाच जणांनी फॉर्म पुरा होऊ न देता दार ओढून घेतलं. त्यांचंही उत्तर ‘नाही’ धरलं.
विहिरीला पाणी लागलंय. मळ्यात तारेचं कुंपण झालं.
राहिली फक्त क्र. १७. घराला कुलूप. आक्काबाई म्हणाली, ती कवाच गेली. दौंडलाच हाय की, तुमच्याच गावात. यार्डात कोळसा येचती.
रात्री झोप नाही. चाळीसपैकी एकही होय नसेल तर सिद्धांत संपला. एक हवं. एकच.

९ जून, शनिवार. दौंड. संध्याकाळी ७
सापडली. आमच्या क्वार्टर्सपासून दहा मिनिटांवर. इंजिनं राख झाडतात तिथे बायका वाकून अर्धवट जळालेला कोळसा वेचतात, घरोघर विकतात. आपणही घेतो बहुधा. मी आधी ओळखलं नाही. धाकटी मुलगी पाटीत राख चाळत होती, मोठी दिसली नाही.
मी फॉर्म काढला. वाटलं होतं, ती बोलणार नाही. पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, इचारा. एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. वय तेच. शिक्षण तेच. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाली, दिसतंय त्ये लिवा.
बारावा प्रश्न सावकाश, दोनदा वाचला. चिकित्सेमुळे आपल्या जीवनात काही फरक पडला काय?
ती म्हणाली, व्हय. पडला.
होय. मी खूण केली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. पुढे ती बरंच बोलली. सावकाश, न रागावता, एकदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. मी मान डोलावत होते.
घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. हे ड्यूटीवर निघाले होते. त्यांना फॉर्म दाखवला. म्हटलं, बघा, चाळीसांत एक, पण होय. सरांना आजच कळवते.
यांनी फॉर्म उजेडात धरून पाहिला. विचारलं, काय फरक पडला म्हणाली?
मी आठवून पाहिलं. तिचा चेहरा आठवतो. मुलीच्या केसांतली राख आठवते. ती म्हणाली काय, ते आठवत नाही.
मी तेव्हा तेराव्या प्रश्नाचं पान शोधत होते.